यिर्मया १:५ : जन्माआधीची ओळख सगळ्यांची की एका संदेष्ट्याची?

(बायबलवरच्या एका ऑनलाइन धाग्यातली चर्चा. तळटीप, साधा वाचक, प्रश्नचिन्ह आणि डॉर्टकर ही सदस्यांची टोपणनावं.)

तळटीप : गर्भात घडवण्याआधीच देव तुला ओळखत होता, हा बायबलच्या जुन्या करारातल्या यिर्मया १:५ चा आशय कुणाही बाळाच्या शुभेच्छापत्रावर बिनदिक्कत टाकला जातो. मला हे पटत नाही. तिथे देव एकाच माणसाशी, यिर्मया या संदेष्ट्याशी बोलतोय, तेही त्याला कामावर नेमताना. हिब्रूतली क्रियापदं बघा: यात्सर (घडवणे), यादा (ओळखणे), कादाश (वेगळं काढून पवित्र करणे), नाथान (नेमणे). वाक्य जाऊन थांबतं ते 'राष्ट्रांसाठी संदेष्टा' इथे. पहिली दोन क्रियापदं उचलून उरलेली गाळली की नियुक्तीपत्राचं शुभेच्छापत्र होतं. यशया ४९ मधला देवाचा सेवक आणि नव्या करारात गलतीकरांस १:१५ मधला प्रेषित पौल, दोघांनाही आईच्या उदरापासून बोलावणं आहे आणि दोघांचंही काम राष्ट्रांसाठीच.

साधा वाचक : असहमत. मग स्तोत्र १३९ चं काय करणार? ते सगळी मंडळी मिळून म्हणतात, त्यात नेमणूक वगैरे काही नाही. १६ व्या ओवीत 'गोलेम' हा शब्द आहे, म्हणजे अजून आकार न आलेला गोळा. जुन्या करारात तो एवढ्या एकाच ठिकाणी येतो. त्या गोळ्यालाही देवाचे डोळे पाहतात आणि त्याचे दिवस आधीच पुस्तकात लिहिलेले असतात. यापेक्षा सार्वत्रिक आणखी काय हवं?

तळटीप : देवाला सगळ्यांची माहिती असते, याला माझी ना नाहीच. पण 'यादा' म्हणजे नुसती माहिती नव्हे. आमोस ३:२ मध्ये देव इस्राएलला म्हणतो की पृथ्वीवरच्या सर्व कुळांपैकी मी फक्त तुम्हालाच ओळखलं. बाकीची कुळं त्याला ठाऊकच नव्हती असा अर्थ कोण काढेल? तिथे 'ओळखणं' म्हणजे आपलं म्हणून निवडणं. आणि १६ व्या ओवीत 'ते सर्व' लिहिलेलं होतं, ते दिवस की अवयव, यावर भाषांतरं फुटतात. तिच्यावर सिद्धांत उभारायचा तर जपून.

प्रश्नचिन्ह : दिवस आधीच लिहिलेले असतील, तर माझ्या निर्णयाला काय अर्थ उरतो?

साधा वाचक : सहाव्या शतकातला तत्त्वज्ञ बोएथियस, त्याचं उत्तर मला अजूनही सर्वात भक्कम वाटतं. देवाला 'आधी' नाहीच, सगळा काळ त्याच्यापुढे एकदम आहे. चालणाऱ्याला आपण पाहिलं म्हणून तो चालत नसतो. १५८८ मध्ये मोलिना या स्पॅनिश जेसुइट धर्मशास्त्रज्ञाने वेगळी वाट काढली: कोणत्या परिस्थितीत कोण स्वेच्छेने काय करेल, हेही देव जाणतो आणि ते जाणून जग घडवतो.

डॉर्टकर : दोन्ही पळवाटा! रोमकरांस ८:२९ मध्ये 'आधी ओळखणे' या क्रियापदाचं व्याकरणातलं कर्म बघा: 'जे काही' नव्हे, 'ज्यांना'. माणसं आधी ओळखली, त्यांचा विश्वास आधी पाहून मग निवड केली असं नाही. १६१० मध्ये डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांनी नेमकं तेच, म्हणजे विश्वास आधी पाहून निवड, मांडलं आणि १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या चर्चसभेने ते फेटाळलं. रोमकरांस ९:११ वाचा, याकोब-एसाव हे जुळे भाऊ जन्मलेही नव्हते, बरंवाईट काही केलं नव्हतं, तरी देवाने याकोबाला निवडलं.

तळटीप : व्याकरण मान्य. पण तो नववा अध्याय एकेका माणसाच्या तारणाबद्दल आहे की इस्राएलच्या इतिहासातल्या भूमिकेबद्दल, हा वाद तसाच राहतो.

प्रश्नचिन्ह : जन्माआधी ओळख होती म्हणजे आत्मा आधीच कुठेतरी होता का?

डॉर्टकर : नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ ओरिगेन याने असं मानलं होतं आणि याकोबाच्या निवडीचं कारण आधीच्या गुणावगुणांत शोधलं. म्हणजे जवळपास पूर्वसंचितच. चर्चने ते नाकारलं. ओळख देवाकडे आधी होती, माणूस आधी नव्हता. याबाबतीत तरी धाग्यावर एकमत व्हावं.

साधा वाचक : त्यावर एकमत. पण डॉर्टकर, 'यात्सर' याच धातूपासून कुंभार हा शब्द येतो, आणि यिर्मयाच्या पुस्तकात १८ व्या अध्यायात यिर्मया त्याच कुंभाराकडे जातो. भांडं बिघडतं, तो त्याच मातीचं दुसरं करतो. राष्ट्र वळलं तर मीही बेत बदलेन, असं देव तिथे स्वतः सांगतो.

डॉर्टकर : राष्ट्र. माणूस नव्हे.

तळटीप : मग माणसाचंच घ्या. यिर्मया २०:१४-१८ मध्ये हाच संदेष्टा आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आईचा गर्भच माझी कबर का झाला नाही असं विचारतो. १:५ चं शुभेच्छापत्र छापणाऱ्यांनी ही पाच वचनं मागच्या बाजूला छापावीत.