अ‍ॅटॅक आला, ईएफ २८: एआयसीडी लगेच बसवायची का थांबायचं?

औंढेकर:
वडिलांना अ‍ॅटॅक येऊन १८ दिवस झाले. अँजिओप्लास्टी झाली, इकोत ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, ते) २८ टक्के. सुट्टी देतानाच सांगितलं, एआयसीडी (ठोके बिघडले की आपोआप शॉक देणारं, छातीत बसवायचं मशीन) बसवावी लागेल, पैशाचं बघा. चुलत्यानं रोडलगतच्या दोन एकराला गिऱ्हाईकही पाहिलं! दुसऱ्या डॉक्टरांनी फाईल चाळली अन् म्हणाले, आत्ता नाही. गाईडलाईन अशी, की अ‍ॅटॅकनंतर ४० दिवस तरी जाऊ द्यायचे, गोळ्या नीट डोसवर तीन महिने द्यायच्या आणि तरीही ईएफ ३५ किंवा त्याखाली राहिला तरच मशीन. मला हे पटतं. घरात कुणालाच पटत नाही.

पाटोदेकर:
मलाबी नाही पटत. गाईडलाईन लिहिणाऱ्याच्या दारात अ‍ॅम्ब्युलन्स येते. आमच्या वस्तीवरून पावसाळ्यात निघायचं तर आधी ओढा उतरायची वाट बघा. ठोके बिघडले तर शॉक कोण देणार, सरपंच? माझ्या भावालाबी असंच 'तीन महिने गोळ्या' सांगितलं होतं. आठव्या महिन्यात बांधावर पडला, हातात पाण्याची कळशी तशीच. जमीन परत घेता येते.

लातूरचा मेडिकलवाला:
दादा, वाईट झालं. पण तीन महिन्यांनी इको झाला होता का? ही घाई तपासून झालीय. २००४ च्या डायनामिट अभ्यासात ६७४ रुग्ण होते, अ‍ॅटॅकनंतर ६ ते ४० दिवसांतले. मशीनवाल्यांत ठोके बिघडून होणारे मृत्यू घटले, पण दुसऱ्या कारणांनी तेवढेच वाढले. एकूण फरक पडला नाही. उलट गोळ्यांनी कित्येकांचा ईएफ ३५ च्या वर जातो, मग मशीन लागतच नाही. फक्त गोळ्या खऱ्या घ्याव्या लागतात. माझ्या काउंटरवर चिठ्ठीत चार औषधं असतात, अन् माणूस म्हणतो, "ह्यातल्या दोनच द्या, पंधरा दिवसांच्या." सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन हे कमजोर हृदयाचं औषध पूर्वी महाग होतं, २०२३ पासून स्वस्तातलंही मिळतं. (ज्याला ठोके बंद पडल्यावर शॉक देऊन परत आणलंय, त्याचं गणित वेगळं. ते डॉक्टरलाच विचारा.)

पाटोदेकर:
इको नाही झाला. कुणी बोलावलंच नाही. म्हणून तर म्हणतो! 'थांबा' एवढंच पाळतात, 'परत या' कोण पाळतं? सोयाबीन काढणीत तारीख गेली, मग माणूस गेला.

अंबाजोगाईची सून:
दोघांचंही थोडं खरं. सासऱ्यांना बसवलीय, चार वर्षं झाली. एकदा मशीननं उगाच शॉक दिला, झोपेत. तेव्हापासून ते उशाशी बॅटरी ठेवून झोपतात. दर सहा महिन्यांनी चेकिंग, म्हणजे एसटीनं अख्खा दिवस जातो. औंढेकर, ईसीजीत क्यूआरएस (प्रत्येक ठोक्याची ती उंच टोकदार रेघ) रुंद आहे का तेवढं विचारा. काहींना साधी एआयसीडी नाही, सीआरटी (हृदयाच्या दोन्ही बाजू एकत्र चालवणारं मशीन) लागते. नाहीतर दोनदा खर्च व्हायचा.

औंढेकर:
विचारतो. जमिनीचं चुलत्याला थांबवलंय. इकोची तारीख बैलांच्या गोठ्यातल्या कॅलेंडरवर लिहिली, बाबा रोज तिथंच बसतात.

पाटोदेकर:
घरातल्याबी लिहा. मत माझं तेच हाय.