ओढणारा, विकणारा, लावणारा: सगळ्यांना एकच कलम?

गोदाकाठ (परभणी)
काल इथं एका भावानं लिहिलं, "गांजा म्हणजे गांजा. ओढणारा, विकणारा, लावणारा, सगळ्यांना वीस वर्षं आत घाला. जामीन कसला मागता?" खाली लाइकांची रांग लागली. ते वाचून रात्रभर डोक्यात किडा वळवळत होता, म्हणून सविस्तर लिहितोय.

१९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा असं म्हणत नाही, भाऊ. गांजा १ किलोपर्यंत असला तर अल्प प्रमाण, शिक्षा जास्तीत जास्त १ वर्ष. २० किलोच्या वर व्यावसायिक, तिथं कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त २० वर्षं. मधल्याला १० पर्यंत. नुसतं ओढलं तर कलम २७, गांजाला ६ महिन्यांपर्यंत. एमडीचं (मेफेड्रोन पावडर) माप निराळं: २ ग्रॅमपर्यंत अल्प, ५० च्या वर व्यावसायिक. कलम ३७ ची जामिनाची कडक अट मुख्यतः व्यावसायिक मापालाच लागते.

माझ्या भाच्याला सिगारेटीत भरून ओढताना धरलं. वीस वर्षांच्या धास्तीनं घरच्यांनी एका मध्यस्थाच्या हातात बैल विकल्याचे पैसे ठेवले. एफआयआर कुणी वाचलीच नव्हती. कलम २७ होतं.

लातूरची माय
दादा, तुमच्या भाच्याचं निभावलं. माझं लेकरू तीन वर्षांपासून बटन, म्हणजे नशेच्या गोळ्या खायलंय. ज्यानं त्याला पहिली गोळी फुकट दिली, त्याच्या खिशात कधीच चारच्या वर सापडत नाहीत. बाकीचा माल दुसऱ्याच्या डिक्कीत. तुम्ही सांगितलेली ही मापं त्या लोकांना आमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत. सवलत कुणाला मिळाली मग?

औषधवाला (नांदेड)
ताई, आता कुणीतरी म्हणेल गोळ्या मेडिकलवाल्यानं दिल्या. अल्प्राझोलम, नायट्राझेपाम या झोपेच्या गोळ्या एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत आहेत. पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिल्या, सगळं रजिस्टरला लिहितो आणि तीन वर्षं जपतो. चिठ्ठी नाही म्हणून परत पाठवलं तर पोरं शटरवर दगड मारतात. माझी काच दोनदा फुटली. हे कुणी लिहीत नाही.

कोर्टकचेरी (संभाजीनगर)
चार गोळ्यांवर मोठं कलम बसत नाही, खरंय. पण साठा सापडला तर तो सुटत नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालानं शुद्ध औषधाचं नाही, अख्ख्या मिश्रणाचं वजन धरतात. अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी असली तरी काट्यावर पूर्ण गोळी चढते. अल्प्राझोलमला १०० ग्रॅमच्या वर व्यावसायिक.

तुरीचं शेत (जालना)
वजनाचं निघालंच आहे तर माझंही ऐका. चुलत्याच्या तुरीत गांजाची झाडं निघाली. मुळासकट उपटली, मातीसकट काट्यावर टाकली आणि पंचनाम्यात "ओला गांजा" लिहून व्यावसायिक कलम लावलं! म्हातारा कित्येक महिने आत. सातबारा त्याच्या नावावर, शेत बटईनं दुसऱ्याकडं.

खाकी उतरवली
अशी झाडं डोक्याएवढी होईस्तोवर मालकाला दिसत नाहीत? मी नोकरीत अशी कैक शेतं बघितली. तुरीच्या मधल्याच ओळीत लावतात, रस्त्यावरून दिसू नये म्हणून.

तुरीचं शेत
तुम्ही माझ्या चुलत्याला ओळखता का? मोतीबिंदूनं त्याला बांध दिसत नाही. तोंड सांभाळून बोला.

कोर्टकचेरी
दोघंही थांबा. कायद्यात गांजा म्हणजे शेंडे, फुलं-फळं आलेले. बिया आणि पानं शेंड्यासोबत नसतील तर धरत नाहीत. मूळ, खोड, माती तर नाहीच. शेंडे वेगळे काढून तोलले का, हा बचावाचा पहिला प्रश्न. मात्र लागवडीचं कलम वेगळं आहे. तिथं किलो बघत नाहीत, १० वर्षांपर्यंत शिक्षा. वजन खोडून काढलं तरी म्हातारा आपोआप सुटत नाही, पण कलम ३७ चा अडसर निघू शकतो. बटईचा कागद आहे का?

तुरीचं शेत
तोंडी होती. आमच्याकडं बटई कोण कागदावर करतं?

खाकी उतरवली
मातीसकट तोलायला नको होतं, एवढं मान्य करतो. वरून आकड्याची घाई असते, ते मी स्वतः सोसलंय. पण मालकाला काहीच ठाऊक नव्हतं, हे मला अजून पटलेलं नाही.

गोदाकाठ
धागा शेतात शिरला. माय, तुमच्या लेकरावर केस आहे का?

लातूरची माय
आहे. अल्प प्रमाणाची.

कोर्टकचेरी
मग कलम ६४-अ वाचा, ताई. व्यसनी माणसावर कलम २७ किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर खटल्यातून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. वकिलाकरवी कोर्टासमोर मांडा.

लातूरची माय
उद्याच सिव्हिलला जाऊन विचारते. दोन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही, ना ठाण्यात ना कोर्टात. गोदाकाठ दादा, मापाचं तुमचं म्हणणं माझ्या लेकरापुरतं मानते. फुकट गोळी वाटणाऱ्यासाठी मात्र मी कालच्या त्या भावाच्याच बाजूनं आहे.