स्वतःची गाडी, स्वतःच ड्रायव्हर: पहिल्या वर्षाचे अनुभव लिहा

दुसऱ्याच्या मालट्रकवर ड्रायव्हर म्हणून बरीच वर्षं काढली. आता स्वतःची घ्यायची आहे, जुनीच, आणि चालवणारही मीच. स्टेअरिंगची भीती नाही. अडतं ते बाकीच्या गोष्टींत. भाडं परवडतं की नाही हे कसं ठरवता? पैसे हातात कधी येतात? जुनी गाडी घेताना काय बघितलंत? ज्यांनी हे केलंय त्यांनी आपापलं लिहा, आणि करून सोडलंय त्यांनी तर जरूर लिहा. नुसती हिंमत द्यायला घरचे आहेत.

दहाचाकी

दादा, मी वहीत दोन रकाने पाडून सुरुवात केली. एकात चाक फिरो न फिरो जाणारे पैसे: हप्ता, विमा, कर, परवाने. दुसऱ्यात चाक फिरलं की जाणारे: डिझेल, टोल, टायर, ऑइल, ब्रेकचे लायनर. पहिल्या रकान्याची महिन्याची बेरीज महिन्याच्या किलोमीटरांनी भागायची आणि दुसऱ्या रकान्याचा किलोमीटरमागचा खर्च त्यात मिळवायचा. जो आकडा येतो तो गाडीचा. त्यात ड्रायव्हरचा पगार आलेला नाही. तो तिसरा रकाना, आणि नवे लोक नेमका तोच पाडत नाहीत. 'मीच चालवतो, पगार कशाला?' म्हणतात. वर्षअखेरीस उरतं ते नफा म्हणून मोजतात, आणि ते दुसऱ्याच्या गाडीवर मिळणाऱ्या पगाराएवढंही नसतं.

किलोमीटर मोजायचे ते सगळे, रिकामे धरून. समजा 600 किलोमीटरचं भाडं किलोमीटरला 40 ने मिळालं आणि माल भरायला 200 किलोमीटर रिकामं जावं लागलं. हातात आले 24,000, गाडी धावली 800. म्हणजे भाव 30 चा पडला. दलाल फोनवर 40 सांगतो, तो खोटं बोलत नाही. भागाकार आपण करायचा.

परतीच्या भाड्याचं गणित मात्र वेगळं. गाडी रिकामी आली तरी डिझेल जळणारच. तेव्हा माल भरल्यामुळे जो जास्तीचा खर्च येईल त्याच्या वर जे मिळेल ते कमाईच. अट एकच, त्या भाड्यासाठी दोन दिवस थांबायचं नाही. थांबलेल्या दिवसांवर पहिला रकाना चालूच असतो.

हिशोब माझ्याकडे

गाडी नवरा चालवतो, वही मी सांभाळते. तेव्हा माझा अनुभव टेबलाच्या या बाजूचा.

भाडं ठरलं, माल उतरला, सगळे खूश. पैसे? तीस दिवसांनी, कधी साठ. डिझेल मात्र आजच्या आज रोख. आमच्या पहिल्या वर्षात गाडीला काम नव्हतं असं कधी झालं नाही. उलट जितकं काम जास्त, तितके बाहेर अडकलेले पैसे जास्त. काम वाढल्यावर घरात चणचण का होते हे सासूबाईंना समजावताना माझ्या नाकी नऊ आले.

बिल लगेच वटवून देणारे असतात, थोडी कट घेऊन. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण तीस दिवस आधी मिळणाऱ्या पैशासाठी तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीसच्या वर व्याज झालं. अडीनडीला वापरावं, दर फेऱ्याला नाही. आणि कागदावर एक ओळ शोधून वाचा: भाडं देणाऱ्या पार्टीने पैसे बुडवले तर ते कुणाच्या अंगावर? बहुतेक वेळा आपल्याच.

पोच, म्हणजे माल मिळाल्याची पावती. यावर मी कितीही लिहीन. सही, शिक्का, तारीख, गाडी आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, नग किती. एखादा बॉक्स फाटका निघाला तर तो शेरा तिथेच, त्यांच्या माणसासमोर. एका पार्टीने आमचं हॉल्टिंग, म्हणजे गाडी खोळंबल्याचे पैसे, नाकारलं होतं, गाडी वेळेत आलीच नाही म्हणून. गेटवरच्या नोंदीचा फोटो पाठवल्यावर गुपचूप दिलं. तेव्हापासून नवरा गाडीतून उतरला की आधी फोटो काढतो, मग हातपाय धुतो.

गाडीचं खातं आणि घरचं खातं वेगळं ठेवलंय. नवऱ्याला त्यातून महिन्याला ठरलेला पगार मिळतो. कुरकुरतो, पण मिळतो.

ग्रीसगन

आधी मेकॅनिक होतो, मग गाडी घेतली. जुनी घेणाऱ्यासाठी एवढंच.

सकाळी जा, इंजिन गार असताना. पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावून बघा. कोमट लागलं तर विकणाऱ्याने तुमच्या आधी चालू करून ठेवलंय, आणि त्याला कारण असतं. गार इंजिन किती वेळात पकडतं आणि धूर कसला टाकतं ते बघायचं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा धूर थंडीत क्षणभर चालतो, गरम झाल्यावरही हटत नसेल तर डिझेल अर्धवट जळतंय किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत शिरतंय. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण सैल करा: फसाफस वाफ मारत असेल तर पिस्टन-रिंगांचं वय झालं. झाकणाच्या आतून दुधट चिकटा असेल तर ऑइलमध्ये पाणी असण्याची शंका घ्यायची.

मग गाडीखाली झोपायचं. कपडे खराब होतील, होऊ द्या. चेसीवर वेल्डिंगचे डाग, ताज्या रंगाचे पट्टे, स्प्रिंगचे तुटलेले पाटे. पुढचं टायर एकाच कडेने झिजलेलं असेल तर अलाइनमेंट, किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा), बेअरिंग असा प्रश्नांचा माग लागतो. चकाचक केबिन बघून मी तरी कधी गाडी पसंत केली नाही.

नव्या पिढीच्या इंजिनात धूर स्वच्छ करायला युरियाची वेगळी टाकी असते. त्यात 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी, −11 अंशांना गोठतं. पंपावर घाईत त्या टाकीत डिझेल पडलं तर चावी फिरवू नका, गाडी ढकलून बाजूला घ्या. चालू केलीत तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

संथ चाली

मला डिझेलवर बोलायचंय. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 वरून 90 वर गेलात की तो साधारण 27 टक्क्यांनी वाढला. पाचशे किलोमीटरच्या सपाट रस्त्यावर यातून वाचतो पाऊण तासही नाही. ज्याला वेळेचं बक्षीस मिळतं त्याने पळवावी, मला कुणी देत नाही. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवलं तर मोठी गाडी तासाला तीनेक लिटर पिते.

टायरला काठी मारून हवा कळत नाही. गेज लागतो, आणि टायर गार असताना. मागच्या जोडीतलं आतलं टायर कुणी बघत नाही, त्याची हवा उतरली की शेजारच्यावर सगळा भार येतो.

रात्रपाळी

स्वतःच्या गाडीवर 'आता थांब' म्हणणारा मालक नसतो, आणि आपल्यातला मालक आपल्यातल्या ड्रायव्हरला झोपू देत नाही. मी दुसऱ्यांकडे होतो तेव्हा जास्त तास मागितले तर भांडायचो. आता कुणाशी भांडणार?

युरोपातला नियम साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटं विश्रांतीचा. अमेरिकेत सलग दहा तास सुटी घेतल्यावर पुढच्या 14 तासांच्या आत जास्तीत जास्त 11 तास चालवता येतं. नियम तुमच्याकडे काय आहे ते बघाच, पण झोपेला नियम कळत नाहीत. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सतरा तास जागलेल्या माणसांची कामगिरी रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरली होती. मी भाडं घेतानाच पोचायची वेळ झोप धरून सांगतो. काही दलाल फोन ठेवतात. ठेवू देत.

चावी दिली परत

मी सोडलं. नोकरीत परत आलो, आणि यात रडण्यासारखं काही नाही.

ज्या कंपनीचा माल वाहायचो तिनेच गाडी दिली होती. हप्ता भाड्यातून कापायचा, सगळे हप्ते फिटले की गाडी माझी. ऐकायला छान. पण काम किती द्यायचं तेही त्यांच्याच हातात. काम कमी झालं तरी हप्ता तेवढाच. दुसरीकडचा माल उचलायला बंदी. दोन महिने असे गेले की फेरे केले आणि कापून हातात आलं शून्य. बाहेर पडलो तेव्हा भरलेले हप्ते तिथेच राहिले. पुढे वाचलं की अमेरिकेत सरकारने नेमलेल्या एका कार्यगटाने जानेवारी 2025 च्या अहवालात अशा योजनांवर बंदीच घाला अशी शिफारस केली. म्हणजे हे जगभरचं दुखणं आहे.

एकाच कंपनीशी बांधलेलं काम वाईट असं मी म्हणत नाही, ठरलेला रूट आणि ठरलेली तारीख यांचं सुख मोठं असतं. पण गाडी एकाकडून आणि माल दुसऱ्याकडून, एवढं पाळा.

आता महिन्याला पगार येतो आणि गिअरबॉक्स वाजला की मी फक्त फोन करतो. झोप लागते.

दहाचाकी

चावीवाल्या भाऊ, हे लिहिलंत ते बरं केलंत. एक जोडतो: दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकत जा, टायर आणि इंजिनाच्या कामासाठी. टायरचा पूर्ण संच एकदमच जातो, हप्त्याहप्त्याने जात नाही. माझ्या पहिल्या क्लच प्लेटचे पैसे त्यातूनच निघाले.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. ताई, पोचेच्या फोटोचं आजपासूनच सुरू करतो, गाडी दुसऱ्याची असली तरी. एक विचारायचं राहिलं. गाडीचा विमा आहे तर माल भिजला, चोरीला गेला तर तो त्यातच येतो ना?

हिशोब माझ्याकडे

साधारणपणे नाही. गाडीचा विमा गाडीपुरता आणि तिने दुसऱ्याचं केलेल्या नुकसानीपुरता. मालाचा वेगळा, आणि तो कुणी काढलाय, माल पाठवणाऱ्याने की तुम्ही, हे भरण्याआधी विचारून घ्या. त्यातही ताडपत्री नीट न बांधल्यामुळे भिजलेला माल धरतात का, गाडी बिनपहाऱ्याच्या जागी उभी असताना झालेली चोरी धरतात का, ही कलमं वाचा. आमच्या कागदात दुसरं कलम वगळलेलं होतं, म्हणून नवरा रात्रीच्या मुक्कामाच्या जागा आधी ठरवून मगच निघतो. आणि एजंट 'सगळं येतं हो' म्हणाला की त्याला तेच लिहून पाठवायला सांगा.