जुन्या बाजारातले अनोळखी फोटो: नीट करावेत, रंगवावेत, की आहेत तसे राहू द्यावेत?

माळ्यावरची_ट्रंक

पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून जुने फोटो उचलायची मला खोड आहे. बंद पडलेली घड्याळं आणि पितळी नळांच्या मध्ये एखादा पुठ्ठ्यावर चिकटवलेला ग्रुप फोटो पडलेला असतो. विकणाऱ्याला फोटोशी देणंघेणं नसतं, त्याला फ्रेमचं सागवान खपवायचं असतं. मी फोटो घरी आणून स्कॅन करते, फोटोशॉपमध्ये चिरा, बुरशी, डाग काढते आणि 'कोणी ओळखतं का?' म्हणून फेसबुकवर टाकते.

ह्या वेळचा फोटो वाड्याच्या चौकातला. सतरंजीवर मुलं, खुर्च्यांवर पागोटेवाले पुरुष, मागे उभ्या नऊवारीतल्या बायका. अगदी टोकाला, अर्धी खांबाआड, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेली एक बाई. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. पाठीमागे मोडीत काहीबाही आणि शके १८४९, म्हणजे १९२७-२८. खालच्या बाजूला आडवी तपकिरी पाण्याची रेघ. हा १९६१चा पानशेत धरण फुटून आलेला पूर असणार असं मला वाटतं.

मी रेघ काढली, चेहरे उजळले आणि एका ॲपमधून रंगवून टाकला. खाली एका मैत्रिणीने लिहिलं, "हे दुरुस्त नाही केलंस, पुसलंस." माझं म्हणणं साधं आहे. हा फोटो उद्या भट्टीत गेला असता, आता निदान चार माणसं बघतायत. तुम्हाला काय वाटतं?

निगेटिव्ह_विचार

मैत्रिणीच्या बाजूने. डाग काढलात ते एक वेळ ठीक, पण रंगाचं काय केलंत ते बघा.

त्या काळी लहान स्टुडिओंत ज्या काचेच्या प्लेट वापरत, त्यांतल्या बहुतेकांना लाल रंग दिसतच नसे. डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम करता यायचं ते त्यामुळेच. म्हणून जुन्या फोटोंत कुंकू काळं ठिक्कर दिसतं, आणि फिकट निळं लुगडं जवळजवळ पांढरं. ॲपला ह्यातलं काही ठाऊक नसतं, ते करडी छटा बघून ठोकून देतं.

आता खांबाआडची बाई पुन्हा बघा. मोकळं कपाळ, रिकामे हात, डोकं पूर्ण झाकलेलं. ही सोवळी बाई आहे, म्हणजे केशवपन केलेली विधवा, आणि अंगावर आलवण, तिला नेसावं लागे ते लुगडं. आलवण तांबडं असायचं, म्हणूनच मूळ फोटोत ते इतकं काळं आलंय. तुमच्या ॲपने तिला गडद निळं लुगडं नेसवलंय आणि ओठांना गुलाबी रंग लावलाय. १९२७ साली केशवपन केलेल्या बाईला! तिच्या आयुष्यातली जी एक गोष्ट फोटोत शाबूत होती, तीच गेली.

सागवानी_चौकट

आलवणाचा मुद्दा मान्य, एकदम मान्य. पण 'मूळ फोटो' म्हणजे काही देवाचं वाक्य नव्हे. स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिलने सुरकुत्या घालवत, देवीचे व्रण बुजवत. प्रिंटवर हाताने रंग भरणारे पेंटर तर सगळीकडे होते. कित्येक घरांत आजीच्या फोटोतला शालूचा जर सोनेरी रंगाने काढलेला सापडेल. मागे रंगवलेला पडदा, त्यावर संगमरवरी जिना आणि कारंजं, आणि पुढे बसलेला माणूस राहतो दोन खणांच्या खोलीत. लबाडी पहिल्या दिवसापासून आहे. मग आत्ताच्या पोरीने ब्रश फिरवला की तेवढी बोंब का?

निगेटिव्ह_विचार

कारण तो सोनेरी जर गिऱ्हाइकाने सांगून काढून घेतला होता. पैसे त्याचे, चेहरा त्याचा, हौस त्याची. इथे कोणी विचारलंय?

आणि हे कुठवर जातं त्याचं उदाहरण देतो. कंबोडियात नॉम पेन्हला तुओल स्लेंगचा तुरुंग होता. ख्मेर रूज ह्या तिथल्या जुलमी राजवटीने आणलेल्या कैद्यांचे फोटो आधी काढले जात, मग छळ, मग मरण. २०२१मध्ये एका कलाकाराने त्यांतले काही फोटो रंगवले आणि एका मोठ्या संकेतस्थळाने ते छापले. नंतर लक्षात आलं की काही चेहऱ्यांवर चक्क हसू चढवलंय, जे मूळ फोटोंत नव्हतंच. कंबोडियाच्या सरकारने निषेध केला, लेख काढावा लागला. तिथे मूळ फोटो संग्रहालयात जपलेले होते, म्हणून चोरी पकडली गेली. ट्रंकबाईंच्या फोटोची दुसरी प्रत कुठे आहे?

कोपरखळी

पुण्यात पाण्याचा डाग दिसला की झालं, पानशेत! अहो, कौलं फुटून माळा गळत नाही का? आमच्याकडे प्रत्येक फोटोवर अशी रेघ आहे आणि आम्ही सांगोल्याचे.

माळ्यावरची_ट्रंक

@कोपरखळी, गळक्या माळ्याचा डाग ओघळासारखा किंवा गोल पसरतो. इथे डावीकडून उजवीकडे सरळ पातळी आहे आणि रेघेत बारीक गाळ अडकलाय, नखाला लागतो. फोटो भिंतीवर टांगलेला असताना पाणी तिथवर चढलं असावं.

@निगेटिव्ह_विचार, रंगीत प्रत काढून टाकली आहे. पण डाग काढण्यावर मी ठाम आहे. रेघ नेमकी पुढच्या मुलांच्या चेहऱ्यांवरून जाते. चेहरा दिसला नाही तर ओळखणार कोण? आणि मूळ कागदाला मी हात लावलेला नाही, सगळं काम स्कॅनवर, वेगळ्या लेयरवर.

एडिसनची_मावशी

ट्रंकताई, तुम्ही फोटो टाकत राहा. माझ्या आईचं माहेर नारायण पेठेत नदीच्या अंगाला होतं. १२ जुलै १९६१ला घरातलं सगळं गेलं. माणसं वाचली, फोटो एकही नाही. आई सात-आठ वर्षांची असताना कशी दिसायची हे तिच्या मुलांनी कधी पाहिलेलं नाही. उद्या कोणाच्या गठ्ठ्यात तो वाडा निघाला तर मला तो डागासकट चालेल, डागाशिवाय चालेल, निळ्या लुगड्यात चालेल. शास्त्र तुम्ही नंतर सांगा.

उंबरठ्यावर

मावशींचं दुःख समजतं, पण दुसरी बाजू कोणीच बोलत नाहीये. खांबाआडच्या बाईला फोटो काढून घ्यायचा होता का, हाच पहिला प्रश्न आहे. बघा कशी उभी आहे ती. लोकांच्या नजरेपासून लांब राहायचं हाच जिचा नेम करून टाकला होता, तिला आपण हजारभर अनोळखी लोकांसमोर आणून, चेहरा झूम करून, 'किती करुण डोळे' म्हणून कॉमेंट टाकतोय.

विवियन मायरचं नाव ऐकलं असेल. शिकागोत लोकांची मुलं सांभाळणारी बाई. आयुष्यभर रस्त्यावरचे फोटो काढले, जवळपास कोणालाच दाखवले नाहीत. २००७मध्ये गोदामाचं भाडं थकलं म्हणून तिच्या निगेटिव्हचे खोके लिलावात गेले. जग तिला थोर म्हणायला लागलं ते ती २००९मध्ये गेल्यावर. खोके विकले गेले तेव्हा ती जिवंत होती हो! मग वारस कोण, हक्क कोणाचा ह्यावर कोर्टबाजी झाली ती वेगळीच.

कायद्याचं_बोला

हक्काचा विषय निघालाच आहे म्हणून. आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फोटोची मुदत प्रसिद्धीपासून आधी ५० आणि पुढे ६० वर्षं होती. २०१२च्या दुरुस्तीनंतर ती छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं झाली. पण हा कायदा फोटो काढणाऱ्याचा. खांबाआडच्या बाईचा तो नव्हेच. तिच्यासाठी कलम शोधू नका, तुमची तुम्हालाच काय ती बुद्धी वापरावी लागेल.

सागवानी_चौकट

@उंबरठ्यावर, म्हणजे तिला तेव्हा घरच्यांनी कोपऱ्यात उभी केली, आणि आता तिच्या इभ्रतीसाठी आपण पुन्हा कोपऱ्यातच ठेवायची? हे सोवळं नवं आहे.

उंबरठ्यावर

ठेवायची असं म्हटलं नाही. झूम करू नका म्हटलं.

बोरूबहाद्दर

भांडण चालू द्या, मी पाठीमागचं मोडी वाचलं. ओळीने नावं आहेत. खुर्च्यांवरच्या चारही पुरुषांची नावं वडिलांच्या नावासकट. मुलांच्या नावांमागे 'चि.'. उभ्या बायकांची नावं नाहीत, नुसतं 'सौ. वहिनी', 'धाकटी सौ. वहिनी', असं. शेवटी 'आत्या'. तिच्यामागे काहीच नाही, श्रीमतीसुद्धा नाही.

लिहिणारा घरातलाच, कारण नाती त्याच्या बाजूने आहेत. माझा अंदाज, सतरंजीवर बसलेल्या थोरल्या मुलाने मोठेपणी लिहिलंय. अक्षर शाळकरी वळणाचं नाही आणि शक नंतर आठवून घातल्यासारखा, वेगळ्या शाईत आहे.

निगेटिव्ह_विचार

घ्या! ह्यासाठीच म्हणतो, फोटोची पाठ पोटाइतकीच महत्त्वाची. फेसबुकवर फक्त गुळगुळीत केलेलं पोट फिरतं आणि दोन शेअरनंतर खाली ओळ येते, 'पेशव्यांच्या वंशजांचा दुर्मिळ फोटो'.

कोपरखळी

आमच्या ग्रुपवर कालच आला. पेशव्यांच्या नव्हे, झाशीच्या राणीच्या माहेरचा म्हणून.

माळ्यावरची_ट्रंक

ठरवलंय असं: आधी कच्चा स्कॅन रेघेसकट, मग पाठ, मग डाग काढलेली प्रत, तिच्यावर कोपऱ्यात 'दुरुस्त केलेली' असं ठळक. रंग नाही. आत्याचा चेहरा वेगळा कापून टाकणार नाही, पण फोटोतून वगळणारही नाही. @उंबरठ्यावर ह्यांना हे पुरेसं वाटणार नाही, माहीत आहे.

उंबरठ्यावर

नाहीच वाटत. सापडले घरचे, तर आधी त्यांना विचारा आणि ते नको म्हणाले तर काढा. एवढं लिहून टाका त्या पोस्टमध्ये.

एडिसनची_मावशी

आणि हो म्हणाले तर मला कळवा.

निगेटिव्ह_विचार

एक कामाचं, ज्यांच्याकडे असे फोटो आहेत त्यांच्यासाठी. भिजलेला फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढून सोडवू नका, जिलेटिनचा थर चेहऱ्यासकट काचेवर राहतो. काचेसकटच स्कॅन करा. आणि सुट्या काचेच्या प्लेट मिळाल्या तर स्कॅन उलटा होत नाहीये ना ते नथीवरून तपासा. नथ डाव्या नाकपुडीत हवी. सगळ्या बायकांच्या उजवीकडे दिसली तर प्लेट पालथी पडली आहे.

बोरूबहाद्दर

ट्रंकताई, पाठीमागच्या खालच्या डाव्या कोपऱ्याचा जरा मोठा स्कॅन टाकता का? गावाचं नाव आहे तिथे. रेघेखाली गेलंय, पण 'चिं' नक्की दिसतंय. चिंचवड असेल तर माणसं शोधता येतील.