मदत हवी आहे: डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलात फक्त नाश्त्याला जायचंय, गाडी किती वेळ ठेवता येते?

पुढच्या महिन्यात ऑरलँडोला जातोय. मुक्काम बाहेर, गाडी भाड्याची, सोबत गुडघेदुखीवाली आई. डिस्ने वर्ल्डच्या कंटेम्पररी रिसॉर्ट या हॉटेलात नाश्त्याचं टेबल बुक आहे, नंतर मॅजिक किंगडम या डिस्नेच्या थीम पार्कात जायचंय. तिथे मुक्कामी असणाऱ्यांना २०२३ पासून सेल्फ-पार्किंग फुकट आहे, पण आम्ही पडलो नुसते जेवायला येणारे. फाटकावर बुकिंग आणि ओळखपत्र दाखवायचं, इतकं कळलंय. ओळखीच्या दोघांना पुढचं विचारलं, तर दोघांची दोन उत्तरं!

पैसे वाचवायचा डाव नाही (बरं, थोडा आहे). पण मॅजिक किंगडमच्या नेहमीच्या पार्किंगला, म्हणजे तिकीट सेंटरला, गाडी लावली की पार्कापर्यंत पुढे मोनोरेल नाहीतर फेरीबोट. आईला ती चढउतार जड जाते. कंटेम्पररीतून मॅजिक किंगडम चालत जवळ आहे. व्हॅले (हॉटेलचा माणूस गाडी लावून देतो ती सोय) नको.

तर नाश्त्यानंतर गाडी संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवलेली चालते, की ठरावीक तासांत हलवावीच लागते? अलीकडे कुणी जाऊन आलंय का?