वेढा, कोंडी की काहील?

उंबरा : दुसऱ्या महायुद्धातल्या स्टालिनग्राडच्या लढाईवरच्या लेखाचं भाषांतर करतोय. 19 आणि 20 नोव्हेंबर 1942 ला रशियनांनी जर्मनांच्या दोन्ही बगलांवर मुसंडी मारली, 23 ला कलाच गावाजवळ त्यांची टोकं जुळली आणि जर्मन सेनापती पाउलुसचं सहावं सैन्य आत अडकलं. या अडकण्याला जर्मन 'केसेल' म्हणत, म्हणजे हंडा, मोठं पातेलं. मी 'वेढा' लिहिलं. मित्र म्हणतो चूक. का?

जुनी वही : मित्र बरोबर आहे. वेढा गावाला पडतो, गडाला पडतो. सिद्दी जौहरने पन्हाळ्याला घातला तो वेढा. इथे शहर घ्यायला आलेलेच उघड्या माळावर अडकले. शिवाय शहराला तरी पुरता वेढा कुठे होता? रशियनांना व्होल्गा नदीपलीकडून रात्री माणसं, दारूगोळा मिळतच होता. वेढा लेनिनग्राडला.

गवती चहा : मग कोंडी. पानिपतावर अब्दाली यमुना ओलांडून आपल्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला, रसद तुटली. त्याला कोणी वेढा म्हणतं का?

उंबरा : 'सहावे सैन्य कोंडीत सापडले' लिहून पाहिलं. पुण्याच्या चांदणी चौकात ट्रॅफिकमध्ये सापडल्यासारखं वाटतं हो.

गवती चहा : तो दोष चौकाचा, शब्दाचा नाही. आणि क्रियापदं बघा. वेढा घालणारा स्वतः उठवू शकतो. कोंडी फोडावी लागते, आतून नाहीतर बाहेरून. डिसेंबरात जर्मन सेनापती मानश्टाइनने बाहेरून प्रयत्न केला, जमलं नाही.

संस्कृतप्रेमी : 'परिवेष्टन' हा नेमका शब्द असताना एवढा घोळ कशाला? आणि 'रसद' फारसी आहे.

गवती चहा : 'परिवेष्टन' म्हटलं की मला पार्सल आठवतं. फारसी म्हणाल तर मग शिपाई, फौज, तोफ सगळंच परत करा.

गूळखडा : हंडाच हवा तर 'काहील' घ्या ना, उसाचा रस आटवायची मोठी कढई. आमच्याकडे गुऱ्हाळात काहील चुलवाणावरून उतरवताना कड्यांतून दांडे घालून चौघे धरायचे. रस कडेकडेने रटरटतो, फेस काठापर्यंत येतो, पण बाहेर काही पडत नाही.

जुनी वही : उपमा छान, पण तिथे लोक थंडीने आणि भुकेने मेले. जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंगने विमानांनी रसद पोचवायची हमी दिली होती. रोज किमान 300 टन लागायचे, सरासरी त्याच्या निम्मेही पोचले नाहीत. जानेवारीत कोंडीतल्या पितोमनिक विमानतळाची धावपट्टीही गेली. उण्यातल्या तापमानाला काहील म्हणणार?

तिरफळ : मुळात स्वयंपाकघरातच का अडकलात? जर्मनमध्ये केसेल हा शिकारीचाही शब्द आहे. रिंगण करून जनावर मध्ये आणायचं. आपल्याकडे हाका घालतात तसं.

गूळखडा : हाक्यात एक बाजू मोकळी सोडतात, तिथेच बंदूकवाले बसतात. माझे आजोबा हाकेकरी होते.

संस्कृतप्रेमी : 'स्टालिनग्राड' की 'स्टॅलिनग्राड', हेही एकदा ठरवा.

उंबरा : लेख उद्या द्यायचाय. पहिल्यांदा 'केसेल, म्हणजे हंडा' असं लिहून पुढे सगळीकडे 'कोंडी' ठेवतोय. शेवटचं वाक्य मात्र अडलंय : 2 फेब्रुवारी 1943 ला उरलेल्यांनीही शस्त्रं ठेवली, एकूण सुमारे 91,000 कैदी. इथे कोंडी 'फुटली' म्हणता येत नाही. मग कोंडीचं काय झालं म्हणायचं?

गूळखडा : काहील असती तर 'उतरली' म्हणता आलं असतं. बाकी 'अंगाची काहिली' यातलीच का हो?

जुनी वही : त्यासाठी वेगळा धागा काढा.

तिरफळ : काढू नका, इथेच सांगा. मलाही हवंय.