मदत हवी आहे: पोटावरची चरबी उपासमारीत खरंच किती दिवस पुरते?

आमच्या लालबागच्या घरात आठवडाभर यावरून वाद चाललाय. सासूबाई माणच्या. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या, सुकडी खाल्लेल्या. त्या म्हणतात, अंगानं भरलेली माणसं तेव्हा जास्त तग धरायची. झालं! आमच्या ह्यांनी लगेच पोटावर हात फिरवत 'हा माझा दुष्काळनिधी' असं जाहीर केलं.

हिशेब मीही केला. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी, म्हणजे दहा किलो जास्तीची चरबी रोज १९०० नं चाळीसेक दिवस जायला हवी. अँगस बार्बिएरी या स्कॉटिश तरुणानं तर १९६५-६६ मध्ये ३८२ दिवस अन्नाशिवाय काढले. पण तो दोनशे किलोंच्या वर होता, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता आणि जीवनसत्त्वं, पोटॅशियम घेत होता. हे आमच्याकडे कोणी ऐकत नाही.

माझा प्रश्न असा, की चरबी शिल्लक असतानाही स्नायू का झिजतात? आणि बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपेट जेवण दिलं तर जिवावर बेततं, ते नेमकं कशामुळे?

खरी काळजी वेगळीच आहे. ह्यांना आता सात दिवस नुसत्या पाण्यावर राहायचंय, आणि शुगरची गोळी चालू आहे. डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळालीय. तोवर यांना थोपवायला काय सांगू? ग्रुपवर कोणी डॉक्टर, आहारतज्ज्ञ असेल तर प्लीज लिहा.